मेंदू थांबल्यावर हृदयाचा जोर का ओसरतो?

नवी मुंबईतल्या अतिदक्षता विभागातून मेंदूमृत दात्याचे हृदय खाडीपलीकडे मुंबईला न्यायचे असले, की रस्ता मोकळा करण्याची धावपळ उडते, कारण बाहेर काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत बसवावे लागते. खरी कसोटी मात्र त्याआधी, दात्याच्या खाटेपाशीच लागलेली असते. ठोका हृदयाच्या स्वतःच्या पेशींतून उमटतो, म्हणून मेंदू मेल्यावरही श्वसनयंत्राच्या आधाराने हृदय चालत राहते. पण आकुंचनाचा जोर अनेकदा काही तासांतच ओसरू लागतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ मध्ये देशातले पहिले हृदयप्रत्यारोपण केले, तेव्हा मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती. ती १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मिळाली आणि हृदयाचा जोर का ओसरतो, हा प्रश्न आपल्याही डॉक्टरांसमोर आला.

१९८० च्या दशकात केपटाऊनमध्ये नोविट्झ्की आणि कूपर या संशोधकांनी बबून माकडांवर व डुकरांवर केलेल्या प्रयोगांतून एक मोहक उत्तर पुढे आले. मेंदू मेला की त्याच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे आदेश थांबतात, रक्तातले थायरॉइडचे टी-३ संप्रेरक घटते. हृदयपेशीतला कॅल्शियमचा पंप आणि ऊर्जेचा साठा या संप्रेरकाशी बांधलेला आहे. ते टोचल्यावर प्राण्यांच्या हृदयाचा जोर परतला. मग अनेक केंद्रांत दात्यांना थायरॉइड संप्रेरक देणे रूढ झाले. मात्र २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ८३८ दात्यांच्या चाचणीत थायरॉक्सिन (ज्यापासून शरीरात टी-३ बनते ते संप्रेरक) दिलेल्यांपैकी ५४.९ टक्के, तर सलाइन दिलेल्यांपैकी ५३.२ टक्के हृदये वापरता आली. हा फरक नगण्यच. थायरॉक्सिनऐवजी थेट टी-३ द्यायला हवे होते, हा आक्षेप रास्त आहे. पण आधीच्या छोट्या यादृच्छिक चाचण्यांतही टी-३ चा ठोस लाभ दिसला नव्हता.

म्हणून प्राण्यांवरचे प्रयोग फसवे ठरतात का? माझ्या मते नाही. आपण त्यांतला अर्धाच धडा घेतला. त्याच संशोधकांनी काही बबूनांच्या हृदयाकडे जाणाऱ्या अनुकंपी नसा आधीच तोडल्या होत्या, आणि मेंदूमृत्यूनंतर त्या हृदयांचे स्नायू इजेपासून वाचले. म्हणजे मरता मरता मेंदू या नसांतून जो उद्रेक सोडतो, त्याने हृदयपेशींत कॅल्शियम दाटते आणि पहिला घाव तिथे बसतो; संप्रेरकांची उणीव त्यानंतरची. घाव बसलेल्या पेशीला नुसता आदेश पुरवून काय होणार? मेंदूतच तयार होणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाची गोष्ट वेगळी आहे. ते आटले की दाता लिटरच्या लिटर लघवी करू लागतो, रक्तदाब कोसळतो. बेताच्या मात्रेत ते दिल्यास पाणी टिकते, धमन्यांना ताण मिळतो आणि हृदयावर मारा करणारी ॲड्रेनालिनसारखी औषधे कमी करता येतात; मात्रा वाढली तर मात्र हृदयाच्याच धमन्या आवळतात.