नळदुर्गचा बंधारा आणि माथ्यावरचा जिल्हा

धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्यात नळदुर्गच्या किल्ल्याला लागून बोरी नदीवर दगडी धरण उभे आहे. दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास, ते बांधले गेले. या धरणाने किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा उपदुर्ग जोडला, शिवाय तटाशी पाणी आणून ठेवले. भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नर-मादी धबधबे वरून कोसळत असतानाही महालात माणूस कोरडा राहतो. चारशे वर्षांपूर्वीच्या या कारागिरीपुढे आजच्या अभियंत्यानेही थांबावे.

दगडी धरण स्वतःच्या वजनावर पाणी अडवते. मागे जलाशय एक किलोमीटर पसरला काय किंवा दहा, भिंतीवरचा दाब त्याने बदलत नाही. तो वाढतो पाण्याच्या खोलीबरोबर. म्हणून अशा धरणाचा पाया रुंद आणि माथा अरुंद ठेवतात.

लोहारा तालुक्यात माकणीजवळचे निम्न तेरणा धरण मातीचे आहे. मातीच्या धरणात मधला गाभा चिकणमातीचा, बाहेर मुरमाचा भराव आणि पाण्याच्या अंगाला दगडांचे अस्तर असते. नळदुर्गच्या भिंतीवरून पाणी वाहिले तरी चालते. मातीच्या धरणावरून वाहिले तर भरावच वाहून जाईल. त्यामुळे जादा पाणी सोडण्यासाठी सांडवा लागतोच.

धरण पाऊस पाडत नाही, पडलेला साठवते. जिल्ह्याची खरी अडचण इथे आहे. बालाघाटचा डोंगर पाणी वाटून टाकतो: तेरणा मांजरेमार्गे गोदावरीला मिळते, तर सीना आणि बोरी भीमेला. परांड्याकडे सीना-कोळेगाव धरणाला सीनेचे पाणी दुरून येते. पण तेरणा आणि बोरी इथल्याच माथ्यावर उगम पावतात, त्यामुळे त्यांचे पाणलोट क्षेत्र तोकडे. त्यातून पठारावरचे जलाशय पसरट आणि उथळ. सह्याद्रीतल्या कोयनेसारखी खोल दरी इथे नाही. उथळ पाण्याचे उन्हाळ्यात बाष्पीभवन फार होते आणि दरवर्षीच्या गाळाने साठवणही घटते.

बुडितात बहुधा नदीकाठची कसदार जमीन जाते आणि कालव्याचे पाणी मिळते खालच्या शिवाराला. त्यामुळे पुनर्वसन हा धरणाच्या आराखड्याचाच भाग धरला पाहिजे, मागाहून करायचे काम नव्हे. साठ्यातून प्यायला, शेतीला, कारखान्याला किती द्यायचे हा प्रश्न टंचाईत टोकदार होतो, तेव्हा पिण्याचे पाणी आधी राखून ठेवतात. धाराशिव शहरासाठी तर सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणातून जलवाहिनी टाकावी लागली.