शेतकरी शिबिर फलदायी कसे व्हावे?

शेतकरी शिबिरास येतो तो आपल्या कामाचा अर्धा दिवस मोडून येतो. मजुरीवर जाणाऱ्या स्त्रीचा तर त्या दिवसाचा रोजच बुडतो. त्या बदल्यात तिच्या पदरी काय पडणार, हा प्रश्न शिबिर भरविणाऱ्याने आखणीपूर्वीच स्वतःस विचारावयास हवा.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समाजविकास योजनेस प्रारंभ झाला आणि ग्रामसेवक शेतकऱ्याच्या बांधावर जाऊ लागला. तेव्हापासून विस्तारकार्याची साधने पुष्कळ बदलली. प्रौढ माणसाची शिकण्याची रीत मात्र तीच राहिली आहे. पुढे केव्हातरी उपयोगी पडेल म्हणून मुलास शिकविता येते. प्रौढास येत्या हंगामात जे उपयोगी पडेल तेच शिकावेसे वाटते, आणि तेही स्वतःच्या हाताने करून पाहिल्याखेरीज पटत नाही.

एका शिबिरास एकच काम

आखणीचा आरंभ शेवटाकडून करावा. शिबिर संपल्यावर शेतकऱ्याने घरी जाऊन नेमके काय करावे, ते एका वाक्यात लिहून काढावे. ‘सोयाबीनची सुधारित लागवड’ हा व्याख्यानाचा विषय झाला. ‘पेरणीपूर्वी घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती स्वतः तपासणे’ हे शिबिराचे काम होय. बीजप्रक्रिया, खतांच्या मात्रा, तणनियंत्रण हे विषयही महत्त्वाचे आहेत. परंतु त्यांच्यासाठी निराळा दिवस ठेवावा.

हेच काम उदाहरणादाखल घेऊ. २०२० च्या खरिपात महाराष्ट्रात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या व अनेकांवर दुबार पेरणीचा प्रसंग ओढवला. आधीच्या वर्षी काढणीच्या वेळी झालेल्या पावसाने बियाण्याची प्रत बिघडली होती. सोयाबीनचे टरफल पातळ असते. भिजलेल्या, आपटलेल्या किंवा उंच थप्पीखाली दबलेल्या बियाण्याची उगवण घटते. हा दोष डोळ्यांना दिसत नाही. तपासणीने मात्र पेरणीपूर्वीच उघड होतो.

वेळ, स्थळ व संख्या

हे शिबिर मे महिन्यात, मशागतीची घाई उरकल्यावर घ्यावे. बाजाराचा दिवस, लग्नाची दाट तिथी व पाण्याची पाळी टाळावी. घरच्या बियाण्याची साफसफाई व साठवण बहुधा स्त्रियांच्या हाती असते. म्हणून त्यांना सोयीची वेळ त्यांनाच विचारून ठरवावी, आणि जेथे त्या संकोचावाचून बसू शकतील असे ठिकाण निवडावे. शाळेचा ओटा किंवा झाडाची सावली पुरेशी आहे. वीस-पंचवीसांहून अधिक मंडळी असल्यास दोन गट पाडावेत. बैठक दोन तासांत संपवावी. हारतुरे व लांबलचक भाषणे यांना त्यात वाव ठेवू नये.

प्रत्येकाने आपल्या बियाण्याचा नमुना घरून आणावा, असे आदल्या दिवशी घरोघर सांगून यावे. पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या थरांतून थोडे थोडे बी घेऊन एकत्र मिसळावे. कार्यकर्त्याने आणलेल्या निवडक बियाण्यावर प्रयोग दाखविला, तर तो त्याचा प्रयोग राहतो. स्वतःच्या बियाण्यावर केला, की तो शेतकऱ्याचा होतो.

पहिली बैठक

आरंभी माहिती सांगू नये, विचारावे. मागील हंगामात कोणाची उगवण विरळ झाली? त्याचे कारण काय वाटले? जाणत्या शेतकऱ्यांचे अनुभव पुरते ऐकून घ्यावेत. एखाद्याचे मत चुकीचे वाटले, तरी चारचौघांत खोडून काढू नये. ‘आपण तेही तपासून पाहू’ एवढेच म्हणावे. प्रौढाचा मान गेला, की त्याचे लक्षही जाते.

मग एकदाच कृती करून दाखवावी व लगेच सर्वांच्या हाती काम द्यावे. नमुन्यातून न निवडता १०० बिया मोजाव्यात. भिजविलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहा बियांच्या दहा ओळी मांडाव्यात, वर दुसरा ओला तुकडा झाकून गुंडाळी करावी व सुतळीने बांधावी. लिहिता-वाचता न येणारासही हे काम पूर्ण साधते. प्रत्येकाने आपली गुंडाळी घरी सावलीत ठेवून ती ओलसर राहील इतके पाणी शिंपडत राहावे.

दुसरी बैठक

सातव्या दिवशी तीच मंडळी आपापल्या गुंडाळ्या घेऊन परत जमवावीत. खरे शिक्षण येथे घडते. गुंडाळ्या उलगडून फक्त निरोगी, पूर्ण कोंब मोजावेत. वाकडे, तुटके व कुजलेले वगळावेत. प्रमाणित सोयाबीन बियाण्यास किमान ७० टक्के उगवण आवश्यक धरली आहे व त्यावर एकरी ३० किलो बियाणे पुरते. उगवण कमी भरल्यास २१०० या संख्येस निरोगी कोंबांच्या संख्येने भागावे. येईल तितके किलो बियाणे एकरी वापरावे. ६५ कोंबांस सुमारे साडेबत्तीस किलो, ६० कोंबांस ३५ किलो. उगवण त्याहूनही कमी असेल, तर ते बियाणे पेरू नये. दुसरे बियाणे मिळविण्यास अद्याप अवधी आहे, हाच या शिबिराचा लाभ.

निष्कर्ष कार्यकर्त्याने सांगू नये. कोणाचे बियाणे उत्तम उगवले व ते कसे साठविले होते, हे शेतकऱ्यांनीच एकमेकांस विचारावे. १९८९ साली इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या प्रश्नातून ज्या शेतीशाळा सुरू झाल्या, त्यांचे मर्म हेच होते. शेतकरी आठवड्यास एकदा शेतातच जमत, कीटक पाहून त्यांची चित्रे काढीत आणि फवारणी करावी की नाही, हे आपसांत चर्चा करून ठरवीत.

शिबिरानंतर

उपस्थितीच्या सह्या मोजून शिबिराचे यश ठरत नाही. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी कार्यकर्त्याने शिबिरार्थींच्या शेतांवर जाऊन उगवण पाहावी व कोणी किती बियाणे वापरले, याची नोंद ठेवावी. पुढील वर्षी न सांगता किती घरांत गोणपाट भिजले, हा खरा हिशेब. त्यातील चार-दोन शेतकरी व महिला शेजारच्या वाडीत हेच काम शिकवू लागल्या, म्हणजे शिबिर सार्थकी लागले असे समजावे.