पावणेदोन तोळ्यांचा प्रवासी

आपल्याकडे श्रावणसरी पडत असतात त्या दिवसांत कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळा सरत आलेला असतो. न्यू ब्रन्सविक आणि नोव्हा स्कोशिया या दोन प्रांतांच्या मध्ये तेथे समुद्र जमिनीत खोल शिरला आहे. त्याला फंडीचा उपसागर म्हणतात. जुलैअखेरपासून ऑगस्टभर या उपसागराच्या आतल्या टोकाला लाखो लहान पक्षी उतरतात. ते कशासाठी येतात आणि आपण माणसांनी त्यांच्याशी कसे वागावे, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम त्या पाण्याची ओळख करून घेऊ. मुंबईला मोठ्या उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक सुमारे पाच मीटर असतो. फंडीच्या टोकाशी तो १६ मीटरपर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ पाच मजली घराइतका! असे का व्हावे? झोपाळ्यावर बसलेले मूल आठवा. झोपाळ्याची जी लय असते, नेमक्या त्याच लयीने धक्का दिला, तर लहानशा धक्क्यानेही झोका उंच जातो. फंडीचा उपसागर आणि त्याला लागून असलेले मेनचे आखात यांतले पाणी एकदा इकडून तिकडे डोलून परत यायला सुमारे तेरा तास घेते. चंद्राच्या ओढीने येणारी भरती साडेबारा तासांच्या आसपास पुन्हा येते. दोन्ही लयी जुळल्या, म्हणून झोका एवढा उंच जातो.

ओहोटीला हे पाणी मागे हटले, की चिखलाची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात. आपल्याला तो नुसता चिखल दिसतो. पण त्यात बिळे करून कोरोफियम नावाचा एक जीव चौरस मीटरला हजारोंच्या संख्येने राहतो. हा आपल्या जवळ्याच्या लांबच्या नात्यातला, पण त्याहूनही लहान. पाहुणे येतात ते मुख्यत्वे याच पंगतीला.

हा पाहुणा म्हणजे सेमीपामेटेड सँडपायपर. त्याच्या बोटांमध्ये अर्धवट पडदा असतो, म्हणून हे नाव. आपल्या खाड्यांवर दिसणाऱ्या छोट्या टिलव्याचा हा जवळचा भाऊबंद. उत्तर ध्रुवाजवळच्या ओसाड प्रदेशात तो अंडी घालतो. पिले फुटल्यावर आधी माद्या निघतात, मग नर. आणि त्या वर्षीची पिले सर्वांत शेवटी. वाट दाखवायला आईबाप बरोबर नसताना ही पिले नेमकी या चिखलावर येऊन उतरतात!

येताना या पक्ष्याचे वजन सुमारे २० ग्रॅम असते. आपल्या जुन्या मापाने म्हणाल, तर पावणेदोन तोळे. दोन-तीन आठवड्यांत खाऊन खाऊन ते जवळजवळ दुप्पट होते. ही वाढलेली चरबी म्हणजे त्याची शिदोरी. कारण येथून तो उडतो, तो अटलांटिकवरून थेट दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याकडे. अंतर सुमारे ४,००० किलोमीटर. तीन-चार दिवस आणि तितक्याच रात्री. वाटेत टेकायला जागा नाही. शिदोरी अपुरी पडली, तर खाली समुद्र आहे.

आता खरी गोष्ट ध्यानात घ्या. भरती आली की चिखल बुडतो आणि पंगत उठते. मग हे सारे थवे किनाऱ्यावरच्या खडीच्या अरुंद पट्ट्यावर अंगाला अंग लावून विसावतात. पाहणाऱ्याला वाटते, आता यांचे काही काम नाही. जरा जवळ जाऊन पाहू. तेथेच चूक होते. कुणी चालत गेले, कुत्रा धावला, की हजारो पक्षी एकदम उठतात. आकाशात त्यांचे वळणे मोठे मनोहर दिसते. पण त्या प्रत्येक वळणाला साठवलेली चरबी जळते. बहिरी ससाण्याची झडप त्यांना चुकवता येत नाही. आपली हौस मात्र आपल्याला आवरता येते. म्हणूनच जॉन्सन्स मिल्स येथे भरतीच्या वेळी किनाऱ्यावर न उतरता दुरून पाहावे, असे लोकांना समजावून सांगतात.

हा आग्रह फाजील नव्हे. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर १९८०च्या दशकात विमानातून या पक्ष्यांची मोजणी झाली होती. २००८ नंतर पुन्हा मोजले, तेव्हा त्यांची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घटलेली आढळली. त्याची कारणे अनेक आहेत आणि सारीच आपल्या हातातली नाहीत. पण किनाऱ्यावरची विश्रांती मोडू न देणे हे नक्कीच हातातले आहे.

माणूस बाजूला सरकू शकतो, याचा दाखला याच उपसागरात आहे. त्याच्या तोंडाशी उन्हाळ्यात राईट व्हेल जातीचे दुर्मिळ देवमासे येत आणि जहाजांच्या धडकेने मरत. २००३ साली जहाजांचा ठरलेला मार्गच तेथून हलवण्यात आला. एवढी मोठी जहाजे वाट सोडतात, तर आपल्याला चार पावले मागे राहणे जड का जावे?

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. उन्हाळा सरला, की उत्तरेकडच्या त्याच थंड पट्ट्यातून, सैबेरियाच्या बाजूने, छोटे टिलवे आपल्या खाड्यांवर येऊ लागतात. ठाण्याच्या खाडीला तर २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींत, स्थान मिळाले आहे. तेथे पक्षी पाहायला जरूर जा. पाणी चढू लागण्याआधी पोहोचा, एका जागी बसा आणि थव्याला तुमच्याकडे सरकू द्या. थवा न उठवता तुम्ही घरी परतलात, तर त्या दिवशी तुम्ही खरे पक्षीनिरीक्षण केले असे समजा.