टर्बो इंजिन : त्याची शक्ती आणि त्याची दुखणी

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. भाड्याने गाड्या फिरविणाऱ्या एका कंपनीतील चालक आमच्या युनियनच्या कचेरीत आला. त्याच्या ताब्यातील पेट्रोल गाडीचा टर्बो निकामी झाला होता, आणि त्याची किंमत त्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापून घेण्याचा हुकूम निघाला होता. हुकमात कारण एका ओळीत दिले होते : बेदरकारपणे गाडी दामटल्यामुळे टर्बो जळाला. चालक म्हणाला, "भाऊ, मी गाडी वेळापत्रकाप्रमाणे नेली. टर्बो कुठं असतो, हेसुद्धा मला ठाऊक नाही." खरे सांगावयाचे तर तो कोठे असतो हे त्या दिवशी आम्हासही ठाऊक नव्हते.

यंत्राचा दोष माणसाच्या माथी मारला जातो, तेव्हा ते यंत्र समजून घेतल्याखेरीज माणसाची बाजू मांडता येत नाही, हे युनियनच्या कामात आम्ही फार पूर्वी शिकलो. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्यात अधिक झाले. तेव्हा एका जाणत्या मेस्त्रींच्या गॅरेजात आम्ही काही दिवस जाऊन बसलो, मिळाली ती पुस्तके वाचली आणि उघडलेले इंजिन डोळ्यांनी पाहिले. त्यातून जे समजले ते येथे मांडीत आहोत. आज आपल्या दारात उभी असलेली लहान पेट्रोल गाडीही पुष्कळदा टर्बोची असते. तेव्हा हा विषय केवळ चालकांचा राहिलेला नाही.

गाडी पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण इंजिनाचा मोठा आहार हवेचा आहे. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळावयास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळावयाचे तर सुमारे ९,००० लिटर हवा इंजिनाने आत ओढली पाहिजे. पेट्रोल हवे तितके पुरविता येते. हवा मात्र सिलिंडरात मावेल तेवढीच येते. म्हणून अधिक शक्ती हवी असेल तर दोनच वाटा उरतात. एक, सिलिंडर मोठे करा. दुसरी, आहे त्याच सिलिंडरात हवा दाबून भरा. लोहार भात्याने वारा घालतो तेव्हा त्याच शेगडीतला तोच कोळसा अधिक तापतो. टर्बो हा इंजिनाचा भाता आहे.

पण हा भाता हलवावयाचा कोणी? येथेच या युक्तीची खुबी आहे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिच्यापैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश रेडिएटरवाटे जाते आणि एक तृतीयांश धुरावाटे सायलेन्सरमधून बाहेर पडते. या वाया जाणाऱ्या धुराच्या वाटेत पात्यांचे एक लहान चाक बसविले. धुराच्या झोताने ते फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास तसेच दुसरे चाक असते. ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबते. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस इंजिनियराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनियराने विमानाचे इंजिन सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक या डोंगरावर नेऊन, विरळ हवेतही टर्बो त्याची शक्ती टिकवितो हे दाखवून दिले.

हे वर्णन सोपे वाटते, पण त्या दांड्यावर काय गुदरते ते पाहा. इंजिन मिनिटास चार-पाच हजार फेरे घेते. टर्बोचा दांडा एक लाख, दोन लाख आणि लहान टर्बोत त्याहूनही अधिक फेरे घेतो. एका अंगास ९०० अंशांहून अधिक तापलेला धूर आणि दुसऱ्या अंगास बाहेरची हवा. मध्ये बोटाएवढ्या जाडीचाही नसलेला दांडा. सर्वसाधारण टर्बोत या दांड्याला छर्ऱ्यांची बेअरिंग नसते. तो तेलाच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत फिरतो. तो पापुद्रा क्षणभर तुटला तरी धातू धातूला घासतो. टर्बोची निम्मी दुखणी या एका वाक्यात आली.

या भात्याबरोबर आणखी दोन वस्तू लागतात. हवा दाबली की ती तापते, हे सायकलचा पंप मारणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. ३० अंशांची हवा पावणेदोन पट दाबली तर ती १०० अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा फुगते, म्हणजे दाबल्याचा फायदा निम्मा-शिम्मा वाया जातो. म्हणून मध्ये हवा थंड करणारा इंटरकूलर असतो. दुसरी वस्तू म्हणजे वेस्टगेट, अर्थात् धुराची चोरवाट. दाब ठरल्याहून वाढू लागला की ही झडप उघडते आणि काही धूर चाकास वळसा घालून निघून जातो. आजच्या गाडीत ही झडप किती उघडावी हे इंजिनाचा संगणक ठरवितो. पायाखालचा ॲक्सिलरेटर केवळ मागणी करतो. दाब किती द्यावयाचा हे पाय ठरवीत नाही. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

पेट्रोल इंजिनास टर्बो लावण्यात आणखी एक अडचण आहे. दाबलेल्या, तापलेल्या मिश्रणात ठिणगीची ज्योत पसरत असता कडेचे उरलेले मिश्रण आपोआप स्फोट पावते. त्यास नॉकिंग म्हणतात. बाहेर टकटक आवाज येतो आणि आत पिस्टनवर हातोडे पडतात. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची गाडी विक्रीस आली. आठ सिलिंडर, साडेतीन लिटरचे इंजिन, २१५ अश्वशक्ती. मिश्रण आधीच १०.२५ पट आवळले जात असे, त्यात टर्बोची भर. तेव्हा नॉकिंग थोपविण्यासाठी शुद्ध पाणी आणि मिथिल अल्कोहोल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण एका टाकीतून इंजिनात सोडण्याची योजना केली. टाकी संपली की टर्बोचा दाब आपोआप कमी होई. पुष्कळ मालकांनी ती टाकी भरलीच नाही, आणि मग गाडीत जोर नाही अशी तक्रार केली. दोन वर्षांत ही गाडी बंद झाली, आणि पुढे कित्येक गाड्यांचा टर्बो काढून तेथे साधा कार्ब्युरेटर बसविण्यात आला. यंत्र हुशार होते. पण ते रोजची काळजी मागत होते, आणि ती कोणी घेतली नाही.

ही अडचण सोडविण्यात स्वीडनच्या साब कंपनीचा वाटा मोठा आहे. १९७७ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात तिने ९९ टर्बो ही गाडी मांडली : दोन लिटर, १४५ अश्वशक्ती. पेर गिलब्रांड या इंजिनियराच्या हाताखाली तयार झालेल्या या इंजिनाचा रोख शर्यतीच्या वेगावर नव्हता. रोजच्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना लागणाऱ्या जोरावर होता. पुढे १९८० च्या दशकाच्या आरंभी तिने इंजिनास नॉकिंग 'ऐकणारा' एक कान बसविला. टकटक सुरू होताच टर्बोचा दाब उतरविला जाई. तो कान आज टर्बोच्या प्रत्येक पेट्रोल गाडीत आहे.

आता आपल्या जवळचे उदाहरण घेऊ. चाकण येथे बनणाऱ्या फोक्सवॅगन आणि स्कोडा गाड्यांत एक लिटरचे टी.एस.आय. इंजिन येते. सिलिंडर तीन, प्रत्येकाचा व्यास ७४.५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७६.४ मिलिमीटर, एकूण ९९९ घनसेंटिमीटर. मिश्रण १०.५ पट आवळले जाते. पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते. त्याच्या बाष्पीभवनाने आतली हवा निवते, म्हणजे जेटफायरच्या टाकीचे काम आता पेट्रोलच करते. शक्ती ११५ अश्वशक्ती, आणि पिळाचा जोर १७८ न्यूटन-मीटर, तोही १,७५० फेऱ्यांपासून. त्याच आकाराचे साधे इंजिन ६५ ते ७० अश्वशक्ती देते. म्हणजे एक कामगार जवळजवळ दोघांचे काम करतो. मग त्याचा खुराकही तसाच हवा.

आता दुखणी. पहिले आणि सर्वांत मोठे दुखणे तेलाचे. तेल जुने झाले की घट्ट होते, त्यात काजळी साचते. टर्बोस तेल पुरविणारी नळी बारीक असते, ती बुजते. शिवाय गाडी जोरात चालवून आणून तत्काळ इंजिन बंद केले तर तेलाचा पंप थांबतो, आणि तापलेल्या दांड्याभोवतीचे तेल तव्यावरच्या तेलासारखे करपून कोळसा होते. नव्या गाड्यांत टर्बोभोवती पाणी खेळविलेले असते, कित्येकांत इंजिन बंद झाल्यावरही लहान पंप ते फिरवीत राहतो; त्यामुळे धोका कमी झाला आहे, संपलेला नाही. दांडा ढिला झाला की शीळ बदलते, घुरघुर येते आणि मागून निळसर धूर निघतो.

दुसरे दुखणे हवेच्या गळतीचे. रबरी पाइप चिरतो किंवा त्याची क्लिप ढिली होते. फुस्स असा आवाज येतो, पिकअप जातो, ॲव्हरेज उतरते. हे दुखणे स्वस्त आहे, पण गळती न पाहताच नवा टर्बो गळ्यात मारल्याची उदाहरणे आमच्या कानी आली आहेत. तिसरे, फाटका एअर फिल्टर : दोन लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यास धुळीचा कणही कानशीसारखा लागतो. चौथे, वेस्टगेटची झडप अडकणे किंवा तिचा सांधा झिजून खडखडणे. पाचवे, पेट्रोल थेट सिलिंडरात जात असल्याने हवेच्या व्हॉल्व्हना पेट्रोलची अंघोळ मिळत नाही आणि त्यांवर काजळीचे थर बसतात.

सहावे दुखणे नवे आहे. वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर, चढाला ॲक्सिलरेटर पुरता दाबला तर तेलाचा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगीपूर्वीच पेट घेतो. एवढ्याने पिस्टन फुटू शकतो. यावर उपाय म्हणून इंजिन तेलाच्या प्रतीच बदलल्या. २०१८ साली एस.एन. प्लस आणि २०२० साली एस.पी. ही प्रत आली. म्हणून डब्यावरची प्रत गाडीच्या पुस्तकाशी ताडून पाहावी. कोणतेही तेल चालते हे म्हणणे या इंजिनास लागू नाही.

आता त्या चालकाकडे वळू. टर्बो सर्वांसमक्ष उघडावा, असा आग्रह आम्ही धरला. उघडला तेव्हा तेलाची नळी कोळशाने बुजलेली होती आणि बेअरिंग कोरडे घासलेले होते. गाडीतले सर्व्हिसचे पुस्तक काढले. तेल बदलण्याची ठरलेली मजल उलटून गाडी आणखी तेवढीच धावली होती. तिसरी गोष्ट कंपनीच्या फलकावरच होती : गाडी थांबताच इंजिन बंद करावे, पेट्रोल वाया घालवू नये. चालक कसाऱ्याचा घाट भरल्या गाडीने चढून इगतपुरीला थांबे आणि हुकमाप्रमाणे त्याच क्षणी किल्ली फिरवी. आज्ञा पाळल्याने टर्बो करपत होता, आणि आज्ञा पाळणाऱ्याच्याच पगारातून त्याची भरपाई व्हावयाची होती. दाब संगणक ठरवितो हे मेस्त्रींनी व्यवस्थापकांस समजावून दिल्यावर 'दामटल्यामुळे' हा शब्दही टिकला नाही. कपात रद्द झाली. एक गोष्ट मात्र आमच्या चालकानेही कबूल केली : शिटीचा आवाज महिनाभर बदललेला होता आणि त्याने तो कळविला नव्हता. त्या दिवसापासून फलक बदलला, आणि आवाजाची नोंद करावयाची वहीही आली.

सारांश थोडा आहे. तेल पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचे वापरावे, आणि रस्ता धुळीचा वा घाटाचा असेल तर मुदतीच्या आधीच बदलावे. घाट किंवा लांबचा वेगवान पल्ला संपल्यावर मिनिटभर इंजिन मंद चालू देऊन मग किल्ली फिरवावी. चढाला गिअर उतरवावा. आवाज, धूर किंवा जोर यांत फरक पडला की त्याच दिवशी गाडी दाखवावी. आधी पाइप आणि क्लिपा तपासाव्यात, टर्बोस हात शेवटी लावावा. आणि जो टर्बो निकामी झाला तो उघडून पाहिल्याशिवाय कोणाच्याही नावावर त्याचे बिल फाडू नये.