मावळात प्लॉट घेताय? गट नंबर जुळला म्हणजे झालं, असं नाही! सातबाऱ्यावरचा ‘यूएलपिन’ का पाहायचा?

लोणावळा, कामशेत, पवनानगर परिसरात फार्महाऊससाठी जागा पाहणाऱ्यांच्या मोबाईलवर आधी येतो तो सातबाऱ्याचा फोटो. गट नंबर जुळला की अनेकजण टोकन देऊन मोकळे होतात. पण एकटा गट नंबर ही जमिनीची पूर्ण ओळख नाही.

गट नंबर का पुरत नाही?
गट नंबर त्या गावापुरताच असतो. एकाच क्रमांकाचा गट आंदर मावळातल्या गावात असू शकतो आणि पवन मावळातल्याही. त्यात गावांच्या नावांचा घोळ. वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक ही तिन्ही पुणे जिल्ह्यातलीच. इंग्रजीत मावळ आणि लोणावळा या नावांची स्पेलिंगही दोन-दोन प्रकारे लिहिली जातात. माणूस संदर्भाने समजून घेतो. कॉम्प्युटरला मात्र अक्षर बदललं की गाव बदललं.

यूएलपिन म्हणजे काय?
जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला दिलेला स्वतंत्र क्रमांक. यालाच ‘भू-आधार’ म्हणतात. देशपातळीवरच्या योजनेत तो अंक आणि अक्षरं मिळून १४ स्थानांचा असून जमिनीच्या अक्षांश-रेखांशांवरून तयार होतो. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर दिसणारा क्रमांक ११ अंकी आहे.

‘खुलं मानक’ कशासाठी?
क्रमांक कसा बनवायचा, नकाशाची माहिती कशी लिहायची, याचे नियम जाहीर असले की ते खुलं मानक. भू-आधारसाठी ओपन जिओस्पेशियल कन्सोर्टियम या जागतिक संस्थेच्या मानकांचा आधार घेतला आहे. त्यामुळे तलाठी, दुय्यम निबंधक आणि बँक यांची सॉफ्टवेअर वेगळी असली तरी ती एकाच जमिनीबद्दल बोलू शकतात. वेबसाईटचा पत्ताही अशाच खुल्या नियमांवर चालतो. म्हणूनच कोणत्याही फोनवर, कोणत्याही ब्राउझरमध्ये तीच साईट उघडते.

सातबारा खरा आहे का, कसं तपासाल?
* समोरच्याने पाठवलेल्या फोटोवर थांबू नका. महाभूमी संकेतस्थळावरून १५ रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा स्वतः काढा.
* हाती आलेल्या डिजिटल सातबाऱ्यावरचा १६ अंकी पडताळणी क्रमांक त्याच संकेतस्थळावर टाकून पाहा.
* क्यूआर कोड म्हणजे फक्त चौकटीत लपवलेली माहिती. बहुतेकदा एखादा वेब पत्ता. बनावट कागदावर बनावट साईटचा कोडही छापता येतो. स्कॅन केल्यावर पत्ता वाचा. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेआधीचा भाग ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपला पाहिजे. हे शेपूट फक्त सरकारी संस्थांना मिळतं. मध्येच कुठेतरी ‘महाभूमी’ किंवा ‘जीओव्ही’ लिहिलेलं असणं पुरेसं नाही.

या क्रमांकाने काय कळत नाही?
जमीन नेमकी कोणती, एवढंच क्रमांक सांगतो. विकणारा खरोखर मालक आहे का, वारसांची संमती आहे का, दावा चालू आहे का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी सातबाऱ्यावरचे इतर हक्क, फेरफार आणि जुने दस्त पाहावेच लागतात. लोणावळा शहरात सिटी सर्व्हे झालेल्या मिळकतीसाठी सातबाऱ्याऐवजी प्रॉपर्टी कार्ड तपासा.

टोकन देण्यापूर्वी सातबारा, मोजणीचा नकाशा आणि दस्ताचा मसुदा शेजारी ठेवा. गाव, तालुका, गट नंबर आणि क्षेत्र तिन्हींत जुळलंच पाहिजे.