नव्या रायफलीचें वंगण

वंगण ही वस्तु दिसावयास क्षुद्र. गाडीच्या आंसाला, विहिरीच्या रहाटाला किंवा घरांतील शिवणयंत्राला दोन थेंब तेल दिलें, कीं तिची आठवण संपते. तथापि हिंदुस्थानच्या इतिहासांत एका वंगणानें केवढा प्रलय घडविला, हें सर्वश्रुत आहे. एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावलेली आहे, अशी १८५७ सालीं शिपायांची समजूत झाली. तें काडतूस दांतानें तोडावें लागे. असंतोषाचें कोठार भरलेलें होतेंच. त्यावर ही ठिणगी पडली. २९ मार्च रोजीं बराकपूर येथें मंगल पांडे यांनीं शस्त्र उचललें आणि १० मे रोजीं मीरत पेटलें. ती चरबी योजण्यामागें साधें यांत्रिक कारण होतें: आंट्यांच्या नळींत गोळी घट्ट बसते, आणि तिची वाट निसरडी नसेल तर ती अडखळते. शस्त्राला कोणतें वंगण, किती आणि कोठें द्यावें, हा प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

जुन्या बोल्टच्या रायफलींत प्रत्येक गोळीनंतर नेमबाज आपल्या हातानें बोल्ट मागें ओढतो, रिकामी टोपणी बाहेर पडते, आणि बोल्ट पुढें लोटतांच दुसरें काडतूस कोठींत शिरतें. अर्धस्वयंचलित, म्हणजे स्वयंभरण रायफलींत हें काम दारूचा वायूच करतो. गोळी नळींतून जात असतां थोडासा वायु एका छिद्रावाटे बाजूस निघतो. तो दट्ट्याला धक्का देतो, दट्ट्या बोल्टला मागें सारतो, आणि दाबली गेलेली स्प्रिंग त्याला पुन्हां पुढें आणते. मात्र दर गोळीस चाप पुन्हां ओढावा लागतो. जॉन गॅरंड यांची अशी रायफल अमेरिकेच्या सैन्यानें १९३६ सालीं स्वीकारली. १९६२ च्या चिनी युद्धांत बहुसंख्य भारतीय जवानांच्या हातीं बोल्टचीच पॉइंट ३०३ रायफल होती. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यांतून बेल्जियन धर्तीची ७·६२ मिलिमीटरची स्वयंभरण रायफल बाहेर पडूं लागली, आणि १९९० नंतरच्या दशकांत इन्सास रायफल येईपर्यंत तीच सैन्याचा आधार होती.

जें काम पूर्वी मनुष्याचें मनगट करीत असे, तें आतां मोजक्या वायूच्या धक्क्यावर सोंपविलेलें आहे, ही यांतील मर्माची गोष्ट होय. बोल्ट अडला तर मनगट थोडा अधिक जोर लावूं शकतें. वायु लावूं शकत नाहीं. म्हणून साध्या रायफलीपेक्षां स्वयंभरण रायफलीला स्वच्छतेची व वंगणाची गरज अधिक.

भंडारा जिल्ह्याला हा विषय परका नाहीं. भंडारा गांवाची पितळेच्या भांड्यांविषयीं जुनी ख्याति आहे. काडतुसाची टोपणीही पितळेचीच, साधारण सत्तर भाग तांबें व तीस भाग जस्त. गांवाजवळ जवाहरनगर येथें दारूगोळ्याचा सरकारी कारखाना असून तोफा-बंदुकांना लागणारी धूररहित दारू तेथें तयार होते. २४ जानेवारी २०२५ रोजीं या कारखान्यांत झालेल्या स्फोटांत अनेक कामगार प्राणांस मुकले. ज्या वस्तूच्या निर्मितींत माणसें एवढी जोखीम पत्करतात, ती हाताळणाऱ्यानें निष्काळजी राहणें शोभत नाहीं.

धूररहित म्हटली तरी ही दारू अगदींच निर्मळ जळत नाहीं. प्रत्येक गोळीमागें काजळीचा पातळ थर राहतो. गोळीवरील तांब्याच्या वेष्टनाचा अंश नळीच्या आंट्यांना चिकटतो. तिसरा शत्रु अधिक कपटी. जुन्या काडतुसांच्या पेटवणींत पोटॅशियम क्लोरेट असे. तें जळल्यावर मिठासारखा क्षार नळींत उरे. पावसाळ्यांत घरांतील मिठाला जसें पाणी सुटतें, तसेंच यालाही सुटे, आणि एका रात्रींत नळी गंजे. तेलानें हा क्षार विरघळत नाहीं. म्हणून जुने शिपाई नळींतून प्रथम कढत पाणी ओतीत, नळी कोरडी करीत, आणि मगच तेल लावीत. अलीकडील बहुतेक काडतुसांत हा दोष नाहीं. परंतु जुना सांठा वापरणाऱ्यानें तो युक्तिवाद विसरूं नये.

या बाबतींत हयगय झाली तर काय होतें, याचें दारुण उदाहरण व्हिएतनामच्या युद्धांत घडलें. १९६५ च्या सुमारास अमेरिकन सैनिकांना एम-१६ ही नवी रायफल मिळाली. तिला साफसफाई फारशी लागत नाहीं असा समज पसरला होता, आणि पुष्कळांना सफाईचें सामानच मिळालें नाहीं. त्यांतच काडतुसांतील दारूचा प्रकार बदलला होता. ती अधिक काजळी धरी. दमट जंगलांत काडतुसाची कोठी गंजली, टोपण्या आंत अडकूं लागल्या, आणि ऐन चकमकींत रायफली बंद पडून सैनिक मेले. १९६७ सालीं अमेरिकन लोकसभागृहाच्या समितीनें चौकशी केली. नंतर कोठीला क्रोमियमचा मुलामा आला, सफाईचें सामान व सचित्र पुस्तिका हातीं पडल्या, आणि तीच रायफल भरंवशाची ठरली.

नवी रायफल पेटींतून निघते ती बहुधा दाट संरक्षक ग्रीसनें माखलेली. हें ग्रीस गंज अडविण्यासाठीं असतें, चालविण्यासाठीं नव्हे. तें वंगण समजून तसेंच ठेवणें ही पहिली चूक. उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणें भाग सुटे करून, रॉकेल व चिंध्यांनीं तें पुसून काढावें, भाग कोरडे करावे आणि मग नवें तेल द्यावें. कारण नुसतें रॉकेल उडून गेल्यावर पोलाद उघडें पडतें. नळी साफ करतांना गज शक्यतों कोठीच्या बाजूनें घालावा. नळीच्या तोंडाची कड झिजली कीं नेम बिघडतो.

तेल कोठें द्यावें, याहून कोठें देऊं नये, हें अधिक महत्त्वाचें. बोल्ट ज्या खांचांतून सरकतो तेथें बोटानें लावलेला पातळ थर पुरेसा आहे. वायूचा दट्ट्या व त्याची नळी सामान्यतः कोरडी ठेवतात, कारण तेथील तेल जळून काजळीचें कवच होतें. कोठी पूर्ण कोरडी असावी. गोळी सुटतांना पितळेची टोपणी फुगून कोठीच्या भिंतीला घट्ट धरते व धक्क्याचा कांहीं भार उचलते. मध्यें तेल असेल तर ती पकड सुटते आणि सारा भार बोल्टवर येतो. नळींतील तेलही गोळी झाडण्यापूर्वी पुसावें. काडतुसांना तर तेल लावूंच नये. तें पेटवणींत झिरपलें तर काडतूस निकामी होतें.

घरांत हाताशीं असलेलें प्रत्येक तेल यासाठीं चालत नाहीं. खोबरेल थंडींत थिजतें. जवसाचें तेल हवेनें वाळून चिकट होतें. लांकडी दस्त्याला तें उत्तम, पण बोल्टला घातक. शिवणयंत्राचें पातळ खनिज तेल वेळप्रसंगीं चालतें. शस्त्रासाठींच बनविलेलें तेल अधिक चांगलें.

भंडाऱ्याच्या हवेंत ऋतुमान पाहून हात बदलावा लागतो. वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि धूळ उडते. तेलांत धूळ मिसळली कीं तिचा सहाणेसारखा लेप होऊन पोलाद झिजतें. तेव्हां तेल कमी व पुसणें अधिक. वैनगंगा व शेंकडों तलांवांच्या या भातप्रदेशांत पावसाळ्याची ओल मात्र भिंतींतूनही येते. तेव्हां बाहेरील पोलादावर तेलाचा हात सतत हवा, आणि रायफल कातडी किंवा कापडी गवसणींत कोंडून ठेवूं नये, कारण गवसणी ओल धरते. घामेजल्या बोटांचा ठसाही दुसऱ्या दिवशीं गंजाच्या रूपानें उमटतो.

भारतांत १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्यावांचून शस्त्र बाळगतां येत नाहीं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीनांवरून दोन शस्त्रांवर आली. परंतु कायदा पाळणाऱ्या घरींही अपघात होतो, तो बहुधा रिकामी समजलेल्या बंदुकीनें. स्वयंभरण रायफलींत येथें एक सापळा आहे. काडतुसांची पेटी लावलेली असतां कोणी बोल्ट ओढून सोडला, तर एक काडतूस बाहेर पडेल आणि दुसरें आपोआप कोठींत जाईल. पाहणारा मात्र ‘रिकामी झाली’ असें समजेल. म्हणून क्रम ठरलेला आहे: नळीचें तोंड निर्धोक दिशेस, बोट चापापासून दूर, प्रथम पेटी काढावी, मग बोल्ट ओढून कोठी डोळ्यांनीं पाहावी व बोटानें चांचपावी. सफाईच्या मेजावर एकही काडतूस नसावें, आणि जवळ मुलें नसावीं.

हा क्रम पुरा झाल्यावरच तेलाच्या बाटलीचें बूच काढावें.