पाठीवर पोतं, स्नायूंत साखर

कळमन्याच्या बाजार समितीत ५० किलोचं पोतं पाठीवर घेऊन हमाल झपाझप ट्रककडे निघतो, तेव्हा पहिल्या जोराचं बरंचसं इंधन त्याच्या स्नायूंतलं ग्लायकोजेन पुरवतं. प्रौढाच्या स्नायूंत हा साठा सुमारे ४०० ग्रॅम, यकृतात जेमतेम १००.

तरी उपाशीपोटी रक्तातली साखर सांभाळतं ते यकृत. स्नायूंत ग्लुकोज-६-फॉस्फटेज हे एन्झाइम नसतं, त्यामुळे तिथला साठा तिथेच खर्ची पडतो. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

हेच एन्झाइम यकृतात जन्मतः कमी असलं की फॉन गिर्के आजार (ग्लायकोजेन साठ्याच्या आजारांतला प्रकार १). बाळाची साखर दोन दुधांच्या मधल्या वेळात कोसळते, यकृत वाढतं, लॅक्टेट आणि युरिक आम्ल चढतं. कोरी दांपत्याने १९५२ मध्ये हा दोष यकृताच्या नमुन्यांत दाखवला. उपचार स्वयंपाकघरातला: मक्याचा स्टार्च पाण्यात कालवून, ठरल्या वेळी, बहुधा रात्री उठवूनसुद्धा. तो कच्चाच द्यायचा; शिजवला की भराभर पचतो आणि फायदा गेला. दूध, साखर, फळं बेतानेच, म्हणजे कळमन्यातल्या संत्र्यांवरही बंधन.

मॅकआर्डल (प्रकार ५) मध्ये उणीव स्नायूंच्या फॉस्फोरिलेजची. जिना चढताच गोळे येतात, कधी लघवी काळपट होते. दहाएक मिनिटं सावकाश चाललं की रक्तातलं ग्लुकोज आणि मेद कामी येतात, चाल सुधारते.

पॉम्पे (प्रकार २) लायसोसोममधल्या एन्झाइमच्या उणिवेचा. साखर ठीक, पण तान्ह्या बाळाचं हृदय जाड होतं. त्यावर एन्झाइम शिरेतून देतात, खर्च अफाट. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात पॉम्पे आहे.